ठासणीची बंदूक, लाल गंज आणि "आरशासारखी करून देतो" म्हणणारे

दसरा झाला की या सदराकडे तलवारी-बंदुकांची पत्रं सुरू होतात. खंडेनवमीला माळ्यावरून काढलेली वस्तू पहिल्यांदा नीट उजेडात बघितली जाते, गंज दिसतो आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं की चकाचक करून टाकू. यावेळी बंदुकीचेच प्रश्न जास्त आलेत म्हणून हा पूर्ण भाग त्यावरच घेतोय.

प्रश्न (मोहोळ तालुका): सर नमस्कार. आमच्या वाड्यात पणजोबांच्या काळापासून एक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक आहे, नळी चांगली साडेतीन फूट असेल, दरवर्षी दसऱ्याला पूजा करतो आणि परत गुंडाळून ठेवतो. यंदा बघितलं तर नळी सगळी लाल झालीय, हात लावला की भुगा पडतो, मागच्या बाजूला गंजाखाली सोनेरी वेलबुट्टी दिसते थोडी थोडी. एमआयडीसीतला एक पॉलिशवाला म्हणतो बफिंग मारून निकेल चढवून आरशासारखी करून देतो. द्यावी का? आणि हिचं लायसन वगैरे काही नाही, चालतं ना?

उत्तर: आधी त्या पॉलिशवाल्याला नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

बफिंगच्या चाकाखाली गंज जातो ते खरंय, पण त्याच्याबरोबर नळीच्या कडा, कोरलेली अक्षरं, छाप, नंबर आणि तुमची ती सोनेरी वेलबुट्टीपण जाते. ती बहुतेक कोफ्तगिरी असणार. त्यात लोखंडावर आधी बारीक बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडतात, पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात, म्हणजे ते सोनं नुसतं त्या खरखरीत दातांना धरून बसलेलं असतं, खाली गोंद नाही की डाक नाही. गंज खालून फुगला की तार उचलली जाते. त्यामुळे वेलबुट्टीच्या चार बोटं आसपास स्टील वूल, ब्रश, पॉलिश पेपर काहीही न्यायचं नाही, तिथं फक्त तेलाचा बोळा आणि संयम. निकेल तर अजिबात नको, त्या काळच्या देशी बंदुकीवर निकेल बघितलं की जाणकार माणूस वस्तू खाली ठेवतो आणि चहाला उठतो.

आता लायसनचं. "जुनी आहे म्हणजे चालते" हे गावोगाव ऐकू येतं आणि ते अर्धंच खरंय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. दुरुस्त करूनसुद्धा, हे दोन शब्द सगळे विसरतात. तुमची नळी शाबूत असेल, घोडा-चाप हलत असेल तर ती या सुटीत बसते असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. तुम्ही ग्रामीण भागात आहात म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र परवाना शाखा, सोलापूर शहरातल्या लोकांनी पोलीस आयुक्तालय. जाताना बंदूक खांद्याला मारून एसटीत बसू नका हो, आधी फोटो आणि अर्ज घेऊन जा, जमलं तर एखाद्या वकिलाला बरोबर घ्या, ते सांगतील तसं करा. आणि शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदापण लागू होतो, त्यात खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पुण्या-मुंबईचा कुणी म्हणाला परदेशात गिऱ्हाईक आहे, तर हात जोडा.

दुसरी गोष्ट, आणि ही गंजाच्याही आधीची. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत माळ्यावर गेलेल्या असतात. रानडुकरासाठी बार भरला, डुक्कर आलं नाही, बंदूक कोपऱ्यात उभी केली, माणूस गेला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेट घेते, ती खराब होऊन माती झाली असेल असं धरू नका. बघायची पद्धत सोपी आहे: तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडेच न करता नळीत एक सरळ लाकडी काठी हळू सोडा, जिथं थांबेल तिथं तोंडापाशी काठीवर खूण करा, मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. काठीचं टोक मागच्या कान्यापर्यंत, म्हणजे दारू पेटवायच्या भोकापर्यंत पोचलं पाहिजे. दोन-चार इंच आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, चिंधी असेल, गांधीलमाशीचं घर असेल किंवा बार असेल. तिथं थांबायचं. ठोकायचं नाही, ड्रिल नाही, तापवायचं तर अजिबातच नाही. परवाना शाखेला ते सांगा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच रिकामी करून घ्या.

हे दोन्ही उरकलं की मग गंज.

तुमचा भुगा पडणारा लाल गंज आणि त्याच्या खाली नळीवर जी तपकिरी-काळपट, गुळगुळीत, नखाला न लागणारी साय असते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल गंज ओल धरून ठेवतो, लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून पापुद्रे सुटतात आणि खाली खड्डे पडत जातात, तो काढायचाच. खालची साय मात्र वस्तूचं वय आहे, ती ठेवायची. सगळी कसरत या दोघांच्या मधे थांबण्याची आहे.

साहित्य फार नाही. शिलाई मशीनचं पातळ तेल, जुन्या सुती धोतराचे तुकडे, चार शून्य नंबरचं स्टील वूल (रंगाच्या दुकानात विचारा, भांडी घासायची तार नको, ती ओरखडे काढते), आणि एक तांब्याचं किंवा ब्राँझचं जुनं नाणं. १९५७ पासूनचा तो छोटा नवा पैसा ब्राँझचा होता, बहुतेकांच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या बटव्यात एखादा सापडतोच. नाणं गंजापेक्षा टणक आणि पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंजाचे फोड त्याच्या कडेनं उडतात पण नळीला रेघ पडत नाही. नळीला तेल चोपडा, कापडात गुंडाळून एक-दोन दिवस तशीच ठेवा, तेल गंजात मुरलं पाहिजे, घाई केली की हात दुखतो आणि काम होत नाही. मग फोड नाण्यानं, बाकीचं तेलात भिजवलेल्या स्टील वूलनं, अंगठ्याचा जोर न लावता, छोट्या गोल फिरवत, आणि दर मिनिटाला फडक्यानं पुसून बघत. फडक्यावर लाल-नारिंगी तेल येतंय तोपर्यंत ठीक. काळपट यायला लागलं आणि नळीवर पांढरी चमक डोकावली की तुम्ही साय खाताय, तिथून पुढे हात उचला. असं चार-आठ दिवस थोडं थोडं करा. खड्डे राहतील. राहू देत. खड्डे घालवायचे म्हणजे आजूबाजूचं लोखंड खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, मग छाप कुठला आणि नक्षी कुठली.

छापावरून आठवलं, घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं, मुकुट किंवा मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह दिसतो का ते तेल लावून तिरप्या उजेडात बघा. मुकुट धरलेला सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा माल असण्याची शक्यता, आणि तसं असेल तर तिथं काही घासण्याआधी फोटो काढून जाणकाराला दाखवा. तसल्या जुन्या इंग्रजी लष्करी बंदुकांच्या बऱ्याच नळ्या मुळात निळ्या-काळ्या नव्हत्याच, घासून पांढऱ्या ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे "ओरिजनल काळं करून देतो" म्हणणारा दुकानदार मुळात नसलेलं ओरिजनल विकत असतो.

आणि आता जरा कडू बोलतो. गंज आला कुठून, तर पूजेतून. ओलं हळद-कुंकू, त्यावर पाण्याचे शिंतोडे, नारळ फोडला त्याचं पाणी, झेंडूचा ओला हार, आणि संध्याकाळी ते न पुसता तसंच कापडात गुंडाळून वर्षभर माळ्यावर. तुमच्या नळीवरचे सगळ्यात खोल खड्डे गोल बोटाएवढे आणि ओळीत असतील, बघा जाऊन. पूजा बंद करा असं म्हणत नाही. बंदूक पाटावर नव्या कापडावर ठेवा, हळद-कुंकू त्या कापडाला लावा, हार पाटाला घाला, आणि रात्री कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवूनच आत ठेवा. देवाला चालतं.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची पावडर, संडास साफ करायचं ॲसिड, यातलं काहीही नको. सगळ्यांत आम्ल आहे आणि आम्लाला लाल गंज आणि खालची साय यातला फरक कळत नाही.

प्रश्न (जुळे सोलापूर): वडिलांची परवान्याची बारा बोअर डबल बॅरल माझ्या नावावर झालीय, विलायती आहे. नळ्यांचं निळं पॉलिश अर्धं उडालंय, कुठं कुठं लालसर ठिपके आहेत. एकजण म्हणाला गरम टाकीत बुडवून दोन तासात नवं ब्ल्यूइंग होतं. किंमत वाढेल का? आणि ते बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग घरी लावलं तर?

उत्तर: तुमचं कागदाचं काम झालंय, अभिनंदन, निम्मे लोक तिथंच अडकतात. (इतर वाचकांसाठी: परवानाधारक वारला की बंदूक कपाटात ठेवून "नंतर बघू" चालत नाही, ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून मग वारसाच्या नावाची प्रक्रिया करायची असते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या.)

गरम टाकी तुमच्या बंदुकीला नकोच. त्या टाकीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं खारं पाणी साधारण १४० अंशाला उकळत असतं. एकसंध पोलादाच्या रायफलीच्या नळीला ते छान लागतं. पण डबल बॅरलच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा कथील-शिशाच्या डाकेनं जोडलेली असते. लोकांना वाटतं डाक वितळेल, तेवढ्या तापमानाला ती वितळत नाही, तिला कॉस्टिक खातं. आणि पट्टीच्या खाली जे खारं पाणी शिरतं ते बाहेर येत नाही, महिनोन्‌महिने पाझरत राहतं, वरून बंदूक निळीशार आणि आतून सडत चाललेली. एक दिवस पट्टी सुटते आणि तो दोन तासवाला फोन उचलत नाही.

अजून एक बघा. नळीवर बारीक वळणावळणाची, घोड्याच्या नालांच्या ओळीसारखी नक्षी पुसट दिसते का? दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. तिच्यावर मुळात निळं नाही, तपकिरी फिनिश असायचं, कारण लोखंड आणि पोलाद वेगवेगळं गंजतात आणि त्यातूनच नक्षी उठते. ती गरम टाकीत गेली तर नक्षीचं वाटोळं. शिवाय त्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या, आजची काडतुसं त्यात घालायची नाहीत, कुणी कितीही म्हणाला तरी.

विलायती जुन्या डबल बॅरलचं ते खोल मऊ काळं-निळं पॉलिश कसं व्हायचं, तर गंजानंच. नळी तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुवायची, सौम्य आम्लाचं पाणी पातळ हात मारून लावायचं, दमट पेटीत लटकवून ठेवायची, काही तासात बारीक सारखा लाल गंज येतो. मग नळी स्वच्छ पाण्यात उकळायची. उकळताना तो लाल गंज डोळ्यादेखत काळा होतो, मखमलीसारखा, कारण रासायनिकदृष्ट्या तो आता वेगळाच ऑक्साइड झालेला असतो, जो पुढे गंजत नाही. ती सुटी मखमल चार शून्य वूलनं किंवा बारीक तारेच्या ब्रशनं हलकेच झटकायची, खाली करडा थर धरलेला असतो. परत तेच, सात-आठ वेळा तरी, तेव्हा कुठं तो रंग चढतो. आपल्या सोलापूरच्या हवेत उन्हाळ्यात नुसतं टांगून ठेवलं तर गंजच धरत नाही इतकं कोरडं असतं, पेटीत ओलं कापड ठेवावंच लागतं. आणि उकळायला नळाचं पाणी नको, क्षाराचे डाग पडतात, डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टॉपअपला घालतात ते, ॲसिडची बाटली नाही, लेबल वाचा.

हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलापण परवाना लागतो, फॅब्रिकेशनच्या दुकानात नळी टाकून येऊ नका. आणि विचारताना "नळ्या पॉलिश कोणत्या चाकावर करणार" हे विचारा. तो "हातानं, पट्टीवर कागद लावून" म्हणाला तर बसा, "बफवर" म्हणाला तर उठा.

बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग म्हणजे सेलेनियमचं क्षार असलेलं द्रव, पुसलं की मिनिटात काळं होतं, बघायला जादू वाटते. पण थर अगदी पातळ, हाताच्या घामानं काही महिन्यात तपकिरी पडतो आणि जुन्या ब्ल्यूइंगशेजारी ठिगळ लावल्यासारखं दिसतं. विषारी आहे, हातमोजे आणि उघडी खिडकी पाहिजेच. स्क्रूचं डोकं, पट्टीवरचा एखादा ओरखडा एवढ्यापुरतं ठीक.

किंमतीचं स्पष्ट सांगतो: चांगल्या विलायती बंदुकीवर अर्धं उरलेलं मूळ पॉलिश नव्या पूर्ण पॉलिशपेक्षा जास्त मोलाचं असतं, घेणारा जाणकार असेल तर. मी तुमच्या जागी असतो तर ते लालसर ठिपके तेल आणि चार शून्य वूलनं काढले असते, आतून-बाहेरून तेल केलं असतं आणि पैसे दुसरीकडं खर्च केले असते. लॉकचे, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्राचे आतले भाग गंजले असतील तर तेवढे मात्र उघडून घ्यायला सांगा, बाहेरचं रूप सगळे बघतात, आतला खटका कुणी बघत नाही.

प्रश्न (बार्शी): माझ्या सासऱ्यांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता फार कोरडा पडलाय, बारीक भेगा आहेत, आणि कुणीतरी पूर्वी त्याला चॉकलेटी रंग मारलाय. सुताराला देऊन सँडपेपर मारून नवीन पॉलिश करावं म्हणते. जवसाचं तेल लावतात असं ऐकलं, ते आपल्याकडे घाण्याचं मिळतं.

उत्तर: ताई, सँडपेपर नको. दस्त्याचं लाकूड आणि लोखंडी पट्टी जिथं मिळतात तिथं बोट फिरवून बघा, दोन्ही एका पातळीत असतील किंवा लाकूड किंचित वर असेल. सुतारानं एकदा घासलं की लाकूड खाली जातं आणि लोखंड कायमचं वर डोकावतं, ते परत आणता येत नाही. रंग काढायचा तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन बघा. जुना लाखेचा पॉलिश असेल तर त्यानंच विरघळतो, मग तो मूळचाच असू शकतो, हात लावू नका. ऑइलपेंट असेल तर विरघळणार नाही, मग रंग काढणारं जेल थोडं थोडं लावून लाकडी पट्टीनं खरवडा.

घाण्याचं जवसाचं तेल चालतं पण ते कच्चं असतं, सुकायला कित्येक दिवस घेतं, चिकट राहतं. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लवकर सुकतं. काहीही घेतलंत तरी चार थेंब, तळहातानं चोळून, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून. भरपूर ओतलं तर भेगा भरत नाहीत, नुसती मळकट साय बसते आणि वर्षानुवर्षं काळी पडत जाते. खरं तर मला अशा कोरड्या दस्त्यावर साधं मेण जास्त आवडतं.

आणि हे विसरू नका: जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेशी संयोग होऊन सुकतं, सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडली की फडकी आपोआप पेटतात. मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याच्या खोलीत तर बघायलाच नको. पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर एकेक उलगडून दोरीवर बाहेर वाळवा, मग टाका.

प्रश्न (अक्कलकोट): डब्ल्यूडी-फॉर्टी मारून ठेवलं तर पुरेल का? घरात खोबरेल तेलपण लावतात.

उत्तर: डब्ल्यूडी-फॉर्टी ओल हटवायला आणि अडकलेला स्क्रू सुटायला चांगलं, वर्षभराच्या राखणीला नाही, उडून जातं. ते मारून पुसा आणि वर मशीनचं तेल किंवा मेणाचा पातळ थर द्या. खोबरेल, शेंगतेल, करडई, खायचं कुठलंच नको, ते आंबतं, चिकट होतं आणि आंबलं की आम्ल झालं. तुमच्या गावातच राजवाड्याचं शस्त्रागार आहे, तिथं जाऊन जुन्या नळ्यांचा रंग निवांत बघून या, घरच्या बंदुकीला काय ठेवायचं आणि काय काढायचं ते डोळ्याला कळेल.

प्रश्न (होटगी रोड): आम्ही साफ करून हॉलमधे काचेच्या पेटीत लावली, आत मखमल घातली, तरी मे महिन्यात परत गंजाचे ठिपके. सोलापुरात दमट हवा नसते ना?

उत्तर: हवा कोरडीच असते, पण तुमच्या हॉलमधे कूलर आहे का? असणारच. वाळ्याचा कूलर दिवसभर ओली हवा फेकतो आणि पेटी त्याच्या समोरच्या भिंतीवर असते, कारण हॉलमधे शोभेची भिंत तीच असते. पेटी दुसऱ्या खोलीत हलवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसात ती भिंत ओल धरते. मखमल काढा, ती ओल धरते आणि रंगवतानाचे क्षार तिच्यात असतात. चामड्याच्या म्यानात किंवा कव्हरात ठेवण्याचंही तेच, कातडं कमावायचं आम्ल पोलादाला लागतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या दाण्यांचं जेल घ्या, दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घ्या, पण तो तवा पोळीला परत वापरू नका. आणि पाहुण्यांना हातात देताना नळीला नाही, दस्त्याला धरायला सांगा, तुमच्या ठिपक्यांमधले दोन-चार तरी बोटांच्या ठशाच्या आकाराचे असतील.